नोकरी कराचीची, शिष्य जकार्ताचे

लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण गझालींपाशी थांबलो होतो. १०९१ मध्ये बगदादच्या निजामियात नेमणूक आणि १०९५ मध्ये ती मानाची जागा सोडून वाटेला लागणं. आज थेट विसाव्या शतकात येऊ. इस्लामी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला पगार कोण देतं, यावर त्याच्यापुढे कोणते प्रश्न येतात ते ठरतं, असं माझं मत आहे. फजलुर रहमान यांच्या नोकऱ्यांची यादी पाहिली की हे फार स्पष्ट दिसतं.

जन्म १९१९ चा, आता पाकिस्तानात असलेल्या हजारा भागातला. वडील देवबंदला शिकलेले मौलाना. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मुलाला कुराण मुखोद्गत झालं, आणि मदरशातला दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम वडिलांनी घरीच करून घेतला. मग लाहोरला अरबीत एम.ए. आणि ऑक्सफर्डला इब्न सीनाच्या मानसशास्त्रावर डॉक्टरेट. १९५० पासून आठ वर्षं इंग्लंडात डरहमला शिकवलं. तिथले प्रश्न कसले? आत्मा म्हणजे काय, पैगंबराचं ज्ञान आणि तत्त्ववेत्त्याचं ज्ञान यांत फरक काय. हस्तलिखितं ताडून पाहायची, पाठभेद लावायचे. असल्या कामावर कुणी मोर्चा आणत नाही. पुढे तीन वर्षं कॅनडात मॅकगिल विद्यापीठ.

मग अयुब खानांच्या पाकिस्तानातून बोलावणं आलं. कराचीत सरकारनं इस्लामी संशोधनाची मध्यवर्ती संस्था काढली होती. रहमान तिथं गेले आणि तिचे संचालक झाले. आता प्रश्न बदलले. बँकेचं व्याज म्हणजे कुराणानं निषिद्ध ठरवलेला रिबा का? यंत्रानं कापलेल्या जनावराचं मांस हलाल की हराम? जकातीचा दर सरकारला बदलता येईल का? १९६१ च्या कौटुंबिक कायद्यानं दुसऱ्या लग्नावर घातलेली बंधनं धर्माला धरून आहेत का? इब्न सीना मागं पडला.

त्यातलं दुसऱ्या लग्नाचं प्रकरण जरा जवळून पाहू, कारण रहमान यांची सगळी पद्धत त्यात दिसते. चार बायकांची मुभा देणारी आयत चौथ्या सूऱ्यातली तिसरी. ती सुरू होते अनाथांपासून. पालक म्हणवणारेच अनाथ मुलींची मालमत्ता गिळत होते, त्या संदर्भात ती येते. आणि सगळ्यांना न्यायानं वागवता येणार नसेल तर एकच करा, ही अटही तिथंच आहे. त्याच सूऱ्यातली १२९ वी आयत मात्र बजावते की कितीही मनात असलं तरी बायकांमध्ये तसा न्याय तुम्हांला करता येणार नाही. परंपरेतल्या फकीहांनी मुभेला कायदा मानलं आणि न्याय नवऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडला. रहमान यांनी उलट वाचलं. न्याय हा उद्देश, मुभा ही त्या समाजापुरती तडजोड. आजच्या प्रश्नावरून कुराणाच्या काळात जायचं, तिथल्या परिस्थितीतून नैतिक तत्त्व काढायचं आणि ते घेऊन पुन्हा आजच्या परिस्थितीत यायचं. या जाण्यायेण्याला त्यांनी पुढे ‘दुहेरी हालचाल’ म्हटलं. मुसलमान विद्वानांनी कायदा रचला, पण कुराणातून नीतिशास्त्र असं पद्धतशीर उभं केलंच नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती.

१९६६ मध्ये त्यांचं ‘इस्लाम’ हे पुस्तक आलं. कुराण संपूर्णपणे ईश्वराचा शब्द आहे आणि नेहमीच्या अर्थानं तो मुहंमदांचाही आहे, अशा आशयाचं विधान त्यात होतं. ते उर्दूत आलं आणि वणवा पेटला. रोख निम्मा रहमानांवर, निम्मा अयुब खानांवर. सप्टेंबर १९६८ मध्ये रहमान यांनी राजीनामा दिला. पुढच्या मार्चमध्ये अयुबही पायउतार झाले. ज्या उलेमांना पटवायचं, त्यांना हा लष्करशहाचा माणूस वाटणार, हे खरं तर पहिल्या दिवसापासून उघड होतं.

इथं आपले असफ अली असगर फैजी आठवतात. माथेरानला १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. धर्म आणि कायदा वेगळे करा, असं त्यांनी १९६३ च्या पुस्तकात रोखठोक मांडलं. पण त्यांची रोजीरोटी इस्लामच्या अभ्यासावर अवलंबून नव्हती आणि त्यांच्या शब्दावर कुठला सरकारी कायदा अडला नव्हता. रहमान यांना ती मोकळीक मिळाली देश सोडल्यावर.

१९६९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, ते शिकागो विद्यापीठात होते. मुल्ला सद्रावरचं पुस्तक, कुराणातल्या मुख्य विषयांवरचं पुस्तक आणि १९८२ मध्ये मुस्लिम जगातल्या उच्च शिक्षणाची झाडाझडती घेणारं ‘इस्लाम अँड मॉडर्निटी’ ही सगळी तिथली. आणि विद्यार्थी! इंडोनेशियाचे नुरखोलिश मजीद शिकागोला आले ते राज्यशास्त्र शिकायला. रहमान यांनी त्यांना वळवून आपल्या विषयाकडे आणलं. १९८४ मध्ये इब्न तैमियावर डॉक्टरेट करून मजीद जकार्ताला परतले आणि पारामादिना ही संस्था काढून शहरी मध्यमवर्गाशी बोलू लागले. कराचीत फाइलींवर जे जमलं नाही, ते असं एका वर्गखोलीतून तिसऱ्याच देशात पोहोचलं.

कराचीच्या त्याच संस्थेत साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक तरुण प्राध्यापक होते, पॅलेस्टाइनचे इस्माईल फारुकी. ‘ज्ञानाचं इस्लामीकरण’ या कल्पनेचे ते मोठे पुरस्कर्ते झाले, आणि १९८८ मध्ये रहमान यांनी लेख लिहून ती नाकारली. तो वाद पुढच्या आठवड्यात.