देवनागरी ई-मेल पत्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटरनेटवरचा पत्ता रोमन अक्षरांतच असावा लागतो, ही समजूत सुशिक्षितांमध्येही पक्की रुजलेली आहे. राजस्थान सरकारने २०१७ साली ‘राजस्थान.भारत’ या नावाखाली नागरिकांना देवनागरी ई-मेल पत्ते देऊ केले आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर जयपूरच्याच एका कंपनीने घडवले, त्यामुळे या समजुतीला व्यवहारातच उत्तर मिळाले.

मुळात संगणकांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यासाठी कोणतीच मानवी भाषा लागत नाही. माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, आयपी अ‍ॅड्रेस या आकडी पत्त्यावरून वाट काढतात. हे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून डोमेन हे नाव वापरले जाते, आणि नावावरून आकडा शोधून देणाऱ्या जगभर विखुरलेल्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. डोमेनमध्ये पूर्वापार रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढीच चिन्हे चालत आल्याने ‘भारत’ हे नाव डीएनएसकडे जाताना ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा रोमन सांकेतिक रूपात जाते. हे रूपांतर ब्राउझर परस्पर करतो, त्यामुळे पत्त्याच्या पट्टीत असे रूप दिसले म्हणजे व्हायरस शिरला, असे मानण्याचे कारण नाही.

‘.भारत’ केवळ हिंदीसाठी आहे, हाही गैरसमजच होय. ऑगस्ट २०१४ मध्ये ते खुले झाले तेव्हापासून मराठी आणि कोकणीचाही त्यात समावेश आहे.

सर्वांत हानिकारक गैरसमज असा की, एखाद्या संकेतस्थळाने देवनागरी ई-मेल नाकारला म्हणजे तो पत्ताच चुकीचा असतो. ‘@’ या चिन्हाआधीच्या नावाला वरील सांकेतिक रूपांतर लागू होत नाही; ते नाव मूळ लिपीतच पुढे न्यावे लागते आणि पाठवणारा, घेणारा व मधला प्रत्येक मेल सर्व्हर, म्हणजे टपाल हाताळणारा संगणक, त्यासाठी सज्ज असावा लागतो. यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून उपलब्ध आहे. तरीही असंख्य ऑनलाइन अर्जांतील तपासणीचा नियम रोमन अक्षरांपलीकडे काहीच ओळखत नाही, आणि मग बरोबर पत्ता देणाऱ्या नागरिकालाच ‘अवैध पत्ता’ असा शेरा मिळतो. हा दोष निःसंशय अर्जाचा आहे. मराठीत कारभार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या अर्जातील ई-मेलचा रकाना देवनागरी पत्ता स्वीकारतो की नाही, हे तपासून घ्यावे आणि स्वीकारत नसल्यास तो दुरुस्त करावा.