वास खलबत्त्यात जन्मतो

परसातल्या वाफ्यातून उपटलेला लसणाचा गड्डा नाकाशी धरला, तर आधी येतो तो ओल्या मातीचा वास. लसूण अजून गप्प असतो. अख्ख्या पाकळीत असतो तो फक्त वासाचा कच्चा माल: ॲलिइन नावाचं गंधहीन संयुग आणि त्याच्यापासून वेगळ्या कप्प्यात कोंडलेलं ॲलिनेज हे विकर. बत्ता पडला की कप्पा फुटतो, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत झणझणीत ॲलिसिन तयार होतं. किडीच्या दाताला द्यायचं उत्तर आपण भाकरीबरोबर खातो!

१९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी हे ॲलिसिन वेगळं काढलं, तेव्हा ते जिवाणूंनाही रोखतं हे दिसून आलं. म्हणून लसूण म्हणजे औषधाची गोळी, असं मात्र नव्हे.

महाराष्ट्रात लसणाची लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि गड्डा तयार व्हायला चारेक महिने लागतात. पात पिवळी पडून शेंडे वाळू लागले, की पाणी तोडायचं. उपटण्याची घाई केली तर पाकळ्या नीट भरत नाहीत. उशीर केला तर वरचं साल फाटतं, पाकळ्या सुट्या होतात, क्वचित जमिनीतच कोंब फुटतात. काढलेला लसूण पातीसकट जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर सुकवतात. त्याआधीचा ओला लसूण ही घरच्या वाफ्याचीच चैन. त्याचं साल जाड आणि दमट, पाकळी रसरशीत. हिरवी पात तर कुंडीतूनही कापून आमटीवर घालता येते.

स्वयंपाकात सगळा खेळ त्या विकराचा. आच लागली की ते निकामी होतं. त्यामुळे अख्ख्या पाकळ्या मंद तेलात परतल्या तर गोडसर, मवाळ लागतात. फोडणीत तिखटपणा हवा असेल तर लसूण आधी ठेचून दहाएक मिनिटं ठेवावा. तोवर ॲलिसिन तयार झालेलं असतं. ठेच्यात लसूण कच्चाच ठेवणाऱ्या घरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. लिंबू पिळल्यावर तो कधी निळा-हिरवा पडतो, तीही गंधकाच्या संयुगांचीच करामत. फेकून देण्याचं कारण नाही.

लसणाला सहसा बी धरत नाही. म्हणून जुडीतले टपोरे गड्डे खाण्यातून वगळून, फडताळावर टांगून ऑक्टोबरच्या लावणीपर्यंत राखायचे.