दश्शी, गुलाम, राणी : डाव धरावा की सोडावा?

विद्यार्थी मित्रहो, सुटीत तुम्ही पत्ते कुटले असतीलच. आज आपण पोकरचा एक अमेरिकन प्रकार पाहू. त्याचे नाव 'सेव्हन-कार्ड स्टड'. तिकडे तो पैसे लावून खेळतात आणि हिशेब न करणारे त्यात पैसे घालवून बसतात. आपल्याला पैसे नकोत, वाटीभर चिंचोके पुरेत. कारण आपला रस आहे तो त्यातील गणितात.

या खेळात प्रत्येकाला एकूण सात पाने मिळतात. आरंभी तीन : दोन झाकलेली, एक उघडे. पुढची तीन एकेक करून उघडी आणि सातवे पुन्हा झाकलेले. सातांतील उत्तम पाच पानांचा डाव धरायचा. दर फेरीला मधल्या ढिगात चिंचोके टाका, नाहीतर डाव सोडा. ओळीने पाच पाने जमली, उदाहरणार्थ आठ, नऊ, दहा, गुलाम, राणी, तर तो 'स्ट्रेट'. आपण त्याला 'क्रम' म्हणू. जोडी, दोन जोड्या किंवा एकाच किमतीची तीन पाने, या सर्वांवर क्रमाची मात होते.

समजा, तुमच्या हाती पहिली तीन पाने आली : दश्शी, गुलाम, राणी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. शेजाऱ्याकडे राणी, राजा, एक्का आहेत. क्रम साधण्याची आशा कोणाला अधिक?

पुष्कळजण म्हणतील, शेजाऱ्याला. त्याची पाने मोठी आहेत ना! पण जरा थांबा. क्रम पुरा करायला तुम्हाला दोन पाने हवीत : आठ-नऊ, नऊ-राजा किंवा राजा-एक्का. म्हणजे वाटा तीन. शेजाऱ्याला मात्र दोन पानांत क्रम पुरा करायची दश्शी-गुलाम ही एकच वाट आहे, कारण राजा, एक्का, दुर्री असा वळसा या खेळात चालत नाही.

आता आकडे पाहू. उरलेल्या ४९ पानांतून चार पाने निवडण्याचे प्रकार २,११,८७६ आहेत. त्यांपैकी ४०,१५६ प्रकारांत तुमचा क्रम साधतो, म्हणजे शेकडा सुमारे १९. शेजाऱ्याचा साधतो १५,४१२ प्रकारांत, म्हणजे शेकडा फक्त ७. गुलाम, राणी, राजा असते तर वाटा दोन आणि संभाव्यता शेकडा १३.

मग मोठ्या पानांना किंमत नाही काय? आहे, पण ती वेगळ्या कारणाने. चव्वी, पंजी, छक्की यांनाही क्रमाच्या तीन वाटा आहेत आणि त्यांचीही संभाव्यता १९ च. परंतु पुढच्या चार पानांत आपल्या तिन्हींपैकी एकाची तरी जोडी जमण्याची संभाव्यता शेकडा ५७ आहे. क्रम हुकला तरी राणीची जोडी डाव जिंकू शकेल. पंजीची जोडी क्वचितच जिंकेल. म्हणून दश्शी, गुलाम, राणी हा सुरेख आरंभ : क्रमाच्या वाटा पूर्ण आणि जोडी जमलीच तर मोठी.

आता खरी गंमत. तुम्ही सातजण खेळत आहात. इतर सहाजणांचे एकेक पान उघडे पडले आहे. त्यांत आठ, नऊ, राजा, एक्का यांपैकी एकही नसेल, तर ही सर्व पाने अजून न दिसलेल्या पानांतच आहेत. तुमची संभाव्यता १९ वरून २४ वर चढते. पण त्या सहांत दोन नव्व्या आणि दोन राजे दिसले तर? ती ११ वर घसरते! तुमच्या हातातील पाने तीच, पत्त्यांचा जोडही तोच. बदलली ती फक्त तुमची माहिती. संभाव्यता हा पानाचा अंगचा गुण नव्हे. आपल्याला काय ठाऊक आहे, यावर ती ठरते.

म्हणूनच चौथे पान आले की हिशेब पुन्हा करावा लागतो. इतरांची पाने तूर्त बाजूला ठेवू. चौथा राजा आला, तर आता नव्वी किंवा एक्का, कोणतेही एक पान पुरे. संभाव्यता एकदम ४३. पण तिर्री आली, तर १९ ची होते ११. येथेच कच्चा खेळाडू फसतो. "आरंभ किती छान होता!" म्हणून तो चिंचोके टाकीतच राहतो. आरंभ छान होता हे खरे, पण तो आता मागे पडला. मागे टाकलेले चिंचोकेही आता त्याचे नाहीत, ढिगाचे आहेत. त्यांच्यापायी आणखी टाकणे शहाणपणाचे नव्हे.

१६५४ साली पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या डावातील पैसे कसे वाटावेत, याविषयी एकमेकांना पत्रे लिहिली. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रव्यवहाराने घातला गेला. त्यांचाही प्रश्न हाच होता : या क्षणी, या स्थितीत, पुढची आशा किती?

तुम्ही हे घरी पडताळून पाहा. जोडातून दश्शी, गुलाम, राणी बाजूला काढा. उरलेली ४९ पाने नीट पिसा, वरची चार उघडा, क्रम साधला का ते वहीत टिपा. पाने परत मिसळून पुन्हा पिसा. असे शंभर वेळा करा. तुमचे उत्तर १५ येईल, मित्राचे २३. गोंधळू नका. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र करा आणि सरासरी काढा. ती १९ च्या किती जवळ येते, ते तुम्हीच पाहा.