मॅक्रोफेज: सगळ्याच रक्तातून येत नाहीत

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ‘मोनोसाइट’ अशी एक ओळ असते, पुढे साधारण 2 ते 8 टक्क्यांच्या घरातला आकडा. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना मात्र एवढं पाठ असतं: अस्थिमज्जेत मोनोसाइट तयार होतात, रक्तातून फिरतात आणि ऊतींत शिरल्या की मोठ्या होऊन मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी बनतात.

हे खोटं नाही, अर्धवट आहे. नेदरलँड्समधल्या लायडनचे राल्फ व्हॅन फर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी पक्की केली आणि पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांतून तीच शिकवली गेली. 2010 साली संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लियांचा (याही मॅक्रोफेजच) माग काढला, तेव्हा तो अस्थिमज्जेपर्यंत गेलाच नाही. तो जाऊन थांबला गर्भाबरोबर वाढणाऱ्या पीतककोशात. अस्थिमज्जेचा पत्ताही नसतो त्या काळात तिथल्या पेशी मेंदूत येऊन वसतात आणि तिथल्या तिथे विभाजन पावून आपली संख्या राखतात. यकृतातल्या कुप्फर पेशी आणि फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या मॅक्रोफेज यांचं मूळही बहुतांशी गर्भावस्थेतलंच. आतड्यात चित्र उलटं: तिथे मोठ्या वयात रक्तातल्या मोनोसाइटांची भरती चालूच असते. तेव्हा मॅक्रोफेज कुठून येतात असं कुणी विचारलं, तर कुठल्या अवयवातल्या, हे आधी विचारायला हवं. माणसात असा माग काढणं अवघड आहे, त्यामुळे यातला बराचसा पुरावा उंदरांचा आहे, हेही सांगितलेलं बरं.

दुसरा गैरसमज कामाबद्दलचा: मॅक्रोफेज म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाई. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि त्यांच्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. त्या वाटेने पुढे 1908चं नोबेल आलं आणि लढाईचं चित्र डोक्यात बसलं. प्रत्यक्षात रोजचं काम मोडीचं. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. म्हाताऱ्या झालेल्या अशा सुमारे 20 लाख पेशी मुख्यतः प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज दर सेकंदाला गिळतात आणि त्यांतलं लोह सोडवून परत देतात. दिवसाला हे लोह 20 ते 25 मिलिग्रॅम भरतं. जेवणातून शरीरात शोषलं जातं जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम.

आजीच्या हातावरचं गोंदण साठ वर्षांनीही का दिसतं, याचं उत्तरही इथेच आहे. त्वचेतल्या मॅक्रोफेज रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मेली की कण बाहेर पडतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. मार्सेयच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांच्या शेपटीवर गोंदून या पेशी मुद्दाम मारल्या. गोंदण जसंच्या तसं राहिलं.

गिळलं म्हणजे संपलं, हाही समज टिकत नाही. क्षयाचा जंतू वायुकोशातल्या मॅक्रोफेजच्या पोटात शिरतो, तिच्या पाचक पिशव्यांना आपल्यापर्यंत पोचू देत नाही आणि आतच वाढतो. काळाआजाराचा परजीवी तर त्या पाचक पिशव्यांतच संसार थाटतो.

‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिराती यातलं काही सांगत नाहीत. मॅक्रोफेज जास्त म्हणजे प्रकृती चांगली, असं गणित नसतं. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या मॅक्रोफेजमुळे तिथला थर वाढतो. अनेक कर्करोगांत मॅक्रोफेज गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. सांध्याच्या अस्तरात होणाऱ्या एका प्रकारच्या गाठीत तर बहुतेक भरणा याच कुळातल्या पेशींचा असतो. तिच्यासाठी 2019 साली अमेरिकेत मंजूर झालेलं पेक्सिडार्टिनिब हे औषध मॅक्रोफेजना जगायला लागणारा संदेशच अडवतं.