देवाचा क्रोध : ख्रिस्ती धर्मांतील एक अवघड विचार

क्रोधाची गणना आपण षड्रिपूंत करतों. ज्यानें तो जिंकला त्यास साधु म्हणतों. मग प्रत्यक्ष परमेश्वराच्या ठायीं क्रोध कसा मानावा, असा प्रश्न बायबल प्रथमच उघडणाऱ्या हिंदु वाचकास पडल्यावांचून राहत नाहीं. हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांसही आरंभापासून सोडवावा लागला आहे.

दुसऱ्या शतकांत मार्सियन नांवाच्या पुरुषानें त्याचें सोपें उत्तर काढलें. जुन्या करारांतील न्यायनिष्ठुर देव निराळा आणि येशूचा दयाळू पिता निराळा, असे त्यानें दोन देवच मानले. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीनें त्यास बाहेर काढलें. देव एकच, दया त्याची आणि कोपही त्याचाच, हें मत कायम राहिलें.

परंतु हा कोप कशा प्रकारचा? चौथ्या शतकाच्या आरंभीं लॅक्टॅन्शियस या लॅटिन ग्रंथकारानें याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एपिक्यूरसच्या मतें देवास राग नाहीं व ममताही नाहीं. स्टोइकांच्या मतें ममता आहे, राग नाहीं. लॅक्टॅन्शियसचें म्हणणें असें कीं, ज्यास सज्जनांची आवड आहे त्यास दुष्टतेची चीड असलीच पाहिजे. मुलगा व्यसनांत बुडत असतां जो बाप तिळमात्र रागावत नाहीं, त्यास आपण तरी शांत म्हणूं कीं उदासीन?

या विचाराचें उग्र रूप ८ जुलै १७४१ रोजीं अमेरिकेंत एन्फील्ड येथें दिसलें. जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकानें आपल्या प्रवचनांत, आगीवर धरलेल्या कोळ्याप्रमाणें पापी मनुष्य नरकावर लोंबत आहे, असें चित्र उभें केलें. श्रोत्यांत असा आक्रोश उसळला कीं, वक्त्यास थांबून शांततेची विनंती करावी लागली. त्या चित्रांत मनुष्यास पडूं न देणारा हातही देवाचाच आहे, ही गोष्ट मात्र भयाच्या भरांत सहज निसटते.

१९३२ सालीं वेल्श पंडित सी. एच. डॉड यांनीं निराळा अर्थ लावला. पौलाच्या पत्रांतील 'क्रोध' हा देवाच्या मनाचा विकार नसून पापाचें अटळ फळ होय, असें त्यांचें मत. आपल्या कर्मविपाकाशीं हें पुष्कळ जुळतें. लिऑन मॉरिस यांनीं १९५५ सालीं त्यास विरोध केला. त्यांच्या मतें बायबलांतील क्रोध हा व्यक्तिरूप देवाचाच आहे. या वादांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. नियम फळ देतो, पण क्षमा करीत नाहीं. जो रागावूं शकतो तोच क्षमाही करूं शकतो. म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें पापाचा भार देवानें क्रूसावर स्वतःच उचलला.

या सिद्धांताच्या नांवाखालीं माणसांनीं एकमेकांस पुष्कळ भिवविलें आहे, हें नाकारतां येत नाहीं. तथापि नाडलेल्या विधवेचे किंवा लुबाडलेल्या मजुराचे अश्रु पाहून ज्याचें मन ढवळत नाहीं, असा देव त्या दुःखितांच्या काय कामाचा? आणि पौलानें रोमकरांस जें बजावलें तेंही विसरूं नये : सूड देवावर सोपवावा, आपण भुकेल्या वैऱ्यासही जेवूं घालावें. क्रोध देवाचा मानला, म्हणजे तो माणसानें आपल्या हातीं घेण्याचें कारण उरत नाहीं.