नाव, वय, टक्का आणि होडी

कृष्णा चढू लागली की नृसिंहवाडीत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. दत्तमंदिरात पाणी शिरून मनोहर पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. देव कुठल्या पाण्याला हलवायचा, कुणी उचलायचा, कुठे ठेवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. चालता न येणारी पोरगी कुठल्या पाण्याला हलवायची, कुणी उचलायची आणि कुठे ठेवायची, हे नदीकाठच्या बहुतेक गावांत अजूनही घरच्यांवरच सोडलेलं असतं.

ते ठरवायला काही मुलंमुली शाळेच्या एका खोलीत जमली होती, म्हणून मीही गेलो. पावसाळा तोंडावर होता. शिरोळ तालुक्यातल्या काठावरच्या गावांतली पंधरा ते पंचवीस वयाची ही मुलं एका शिक्षिकेनं गोळा केलेली. माझ्याकडे काम एकच, ती सांगतील ते कागदावर उतरवायचं.

टेबलावर आधीच एक तक्ता होता. नाव, वय, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, मोबाइल नंबर. त्यामागे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चा. त्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळवायचं. म्हणजे यादी व्हायलाच हवी. पण यादीत काय लिहायचं, हे कायदा सांगत नाही, आणि इथेच मोठ्या माणसांची बुद्धी पाच रकान्यांत संपलेली असते.

चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी तक्ता हातात घेऊन म्हणाली, “टक्का घेऊन काय करणार सर? ऐंशी टक्के लिवलं म्हंजे मला होडीत बसता येतंय का न्हाई, ते कळतंय का त्यातनं?”

टक्का योजनेसाठी असतो, पेन्शनसाठी, एसटीच्या सवलतीसाठी. तो होडीसाठी नसतो. मी रकाना खोडला नाही, कारण सरकारी कामाला तो लागतोच. पण त्याच्या शेजारी नवा काढला: ‘मला कसं उचलायचं’.

त्यावर तिनं प्रात्यक्षिकच दाखवलं. दोन पोरं पुढे आली आणि आपल्याकडे करतात तसे दोन्ही बाजूंनी तिच्या बगलेत हात घातले. “थांबा. असं उचललं की माझी कंबर निसटतीया, पाय फरपटत्यात.” आधी खुर्चीचे ब्रेक लावायचे. पायाखालच्या पाट्या वर दुमडायच्या. एकानं पाठीमागून छातीभोवती हात घेऊन तिचीच मनगटं धरायची, दुसऱ्यानं गुडघ्याखालून. तिसऱ्यानं खुर्ची घडी करून मागोमाग आणायची. पोरांना दुसऱ्या प्रयत्नात जमलं. खुर्चीतून बाकावर आणि बाकावरून खुर्चीत.

तिसऱ्या माणसावर तिचा फार जोर होता, आणि त्याला कारण होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्याला पाण्याचा वेढा पडला, एनडीआरएफ आणि नौदलाच्या रबरी बोटी आल्या, तेव्हा ती शाळकरी पोर होती. “मला नेलं, खुर्ची माळ्यावर ऱ्हायली. मग छावणीत मी फरशीवर हातानं सरकत होतो. पाठीखाली जखम झाली, मला कळलीच न्हाई.” कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला ती जखम दुखत नाही, म्हणून ती चिघळते. खुर्चीवरची मऊ गादी हे तिचं औषधच असतं. बोटीवरच्या जवानाच्या दृष्टीनं ते सामान होतं, आणि सामान मागे ठेवायचा हुकूम असतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग पुढचा रकाना आला: ‘माझ्यासोबत काय आलंच पाहिजे’. खुर्ची, गादी, लघवीची नळी, फिटच्या गोळ्या, श्रवणयंत्राचे सेल, आणि प्लास्टिकच्या पिशवीत यूडीआयडी कार्ड.

ऐकू न येणाऱ्या मुलाचं म्हणणं त्याची बहीण हाताच्या खुणांवरून सांगत होती. पूर येतोय हे गावाला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून कळतं, रिक्षा फिरवतात तिच्यावरून कळतं. रात्री घरचे झोपलेले असतील आणि हा एकटा माडीवर असेल तर? त्यानं कागद ओढून शेजारच्या एका माणसाचं नाव लिहिलं आणि पुढे बॅटरीचं चित्र काढलं. खिडकीवर बॅटरी मारायची. शेजाऱ्याला हे माहीत आहे का, असं शिक्षिकेनं विचारलं. नव्हतं. शेजाऱ्याला सांगायचं काम तिथल्या तिथे त्या मुलाकडेच दिलं.

डोळ्यांनी न दिसणाऱ्या कॉलेजकुमाराची तक्रार उलटी. त्याला भोंगा चालतो. व्हॉट्सअॅप चालत नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी, म्हणजे ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, ही कोल्हापूर जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असते. पण गावाच्या ग्रुपवर ती फळ्याचा फोटो काढून टाकतात. “माझा फोन फोटो वाचत नाही, ‘इमेज’ म्हणतो आणि गप्प बसतो. एक ओळ टाईप करा, एवढंच.” या सुधारणेला खर्च शून्य. तरी ती आजवर कुणाला सुचली नव्हती, मलाही नाही.

सगळ्यात अवघड काम, गप्प बसलेल्याला बोलतं करणं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलाला काही विचारलं की उत्तर आईकडून येई. “त्याला काय विचारता, मी सांगते ना.” माउली वीस वर्षं त्याच्या वतीनं बोलत आली होती, तिला दोष कसा द्यायचा? शिक्षिकेनं तिला चहाच्या कामाला लावलं आणि त्याच्यापुढे चित्रं मांडली: घर, होडी, शाळा, गर्दी, ताट, जनावरं. मागच्या पुरात तो घराबाहेर यायला तयार नव्हता, पाण्याला भितो असं घरचे समजत होते. त्यानं म्हशीचं चित्र उचललं आणि होडीच्या चित्रावर ठेवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आई चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, “म्हशीला सोडून येत नव्हता व्हय हा!” दावणीला जनावर आहे म्हणून घर न सोडणारी धडधाकट माणसं २०१९ मध्ये शेकड्यानं होती, त्यांचं कारण आपल्याला चटकन समजलं होतं. त्याच्या ओळीत आता लिहिलं आहे: आधी म्हैस हलवा, त्याला बघू द्या, मग तो येतो.

दुपारनंतर टेप घेऊन सगळे शाळेच्या संडासापाशी. पुरात छावणी शाळेतच पडते. दार २५ इंच, त्या मुलीची चाकाची खुर्ची २६. शासकीय मानकाप्रमाणे दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच हवी. पुढे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे बारा इंच चढायला बारा फूट लांब रॅम्प. जागा आहे. एकानं उत्साहानं नृसिंहवाडीच्या घाटालाही रॅम्प करायची कल्पना काढली. हिशेब केला: पन्नासच पायऱ्या धरल्या तरी पंचवीस फूट उंची, म्हणजे तीनशे फूट उतार, मधले सपाट टप्पे वेगळेच. मुलगी हसली. “घाटाचा हट्ट न्हाई माझा. वरनं हात जोडीन. संडासाचा हट्ट हाय.” कुठे पैसा घालावा यावर यापेक्षा नेमका अभिप्राय मी कुठल्या बैठकीत ऐकलेला नाही.

भांडण एकदाच झालं, यादी कुठे ठेवायची यावरून. एका कार्यकर्त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकू म्हटलं. मुली एकदम उसळल्या. कुठल्या घरात कोण एकटी असते, कुणाला पळता येत नाही, हे साऱ्या गावाला कशाला? ठरलं ते असं: प्रती तीन. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई. शिवाय मुलीला उचलणाऱ्यांत एक तरी बाई.

दिव्यांगांनी स्वतःच ठरवायचं, हे कोल्हापूरला अगदीच अनोळखी नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसोबत १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलेलं आहे. जिला गरज, तिनंच सेवा कशी असावी हे ठरवलं. गावपातळीवर मात्र या मुलांना आजही बोलावणं येतं ते ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला, सायकलवाटपाच्या फोटोला.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. एक दार रुंद करणं, बारा फुटांचा उतार, होडीत खुर्ची बांधायला पट्टे, हे त्यात बसतं. १ मेची ग्रामसभा पावसाच्या आधीची. सरपंच, सदस्य, तुमच्या गावातल्या या मुलांना तिथे बोलवा, यायला रिक्षाचं भाडं द्या, खुणांची भाषा जाणणारं माणूस बसवा आणि तक्ता त्यांच्या हातात द्या. सभा वरच्या मजल्यावर असेल, तर ती खाली घ्या.