आमटीतला गूळ : कनायोलो नावाचं द्राक्ष

आज द्राक्षाबद्दल बोलू. आपल्या नाशिक-तासगावच्या नाही, इटलीतल्या. त्याचं नाव कनायोलो. काळं द्राक्ष आहे आणि ते लावतात वाइनसाठी.

वाइन म्हटल्यावर काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या बायांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली, त्यांच्यापुढे हा विषय काढताना मीही दोनदा विचार केला. कुणी प्यावी असं मी सांगत नाहीये. पण हे एक पीक आहे. त्याच्यामागे शेत आहे, कुळं आहेत, बायांचे हात आहेत. आणि जुनं वाण शेतकऱ्याच्या हातून कसं निसटतं, हे त्यात दिसतं. तेवढ्यासाठी ऐका.

गोडा मसाला करताना आपण दगडफूल घालतो. नुसतं दगडफूल कुणी तोंडात टाकणार नाही, पण ते नसलं तर मसाला ओळखीचा लागत नाही. आमटी फार आंबट झाली तर गुळाचा खडा टाकतो. जेवणाऱ्याला गूळ दिसत नाही, त्याला आमटी चांगली लागते एवढंच. कनायोलोचं काम या गुळाच्या खड्याचं.

इटलीच्या मध्यभागी टस्कनी नावाचा प्रांत आहे. तिथे फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागाला किआंती म्हणतात. तिथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. त्याला वास छान, पण ते आंबट आणि तुरट. तुरट म्हणजे कच्चं केळं चावल्यावर जीभ कशी आवळते, तसं. हा तुरटपणा येतो सालीतून आणि बियांतून. रंगही सालीतूनच येतो. बहुतेक काळी द्राक्षं पिळली तर रस जवळजवळ पांढराच निघतो. साली रसात भिजत ठेवल्या की तो लाल होतो. कनायोलोचा तुरटपणा बेताचा, चव मऊ. सांजोवेझेत ते थोडं मिसळलं की धार कमी होते आणि वास तसाच राहतो.

हे कागदावर मांडलं बेत्तीनो रिकासोली या जमीनदारानं. साधासुधा माणूस नव्हे हा. इटली एक झाल्यावर १८६१ मध्ये तो देशाचा दुसरा पंतप्रधान झाला. स्वभाव इतका कडक की लोक त्याला लोखंडी बॅरन म्हणत. किआंतीत ब्रोलियो इथे त्याचा गढीवजा वाडा होता आणि भोवती मळे. कोणतं द्राक्ष कशात मिसळलं तर काय होतं, याचे प्रयोग त्यानं कित्येक वर्षं केले. १८७२ मध्ये त्यानं पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियातींना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सांजोवेझे वास आणि जोर देतं. कनायोलो गोडवा देतं, त्यानं पहिल्याचा कडकपणा उतरतो आणि वास बिघडत नाही. तिसरं माल्वासिया हे पांढरं द्राक्ष, ते फक्त लवकर पिऊन संपवायच्या हलक्या वाइनमध्ये घालावं. या पत्राला पुढे किआंतीचा पाठच मानलं गेलं.

गंमत अशी की त्याआधी शंभर वर्षं मान उलटा होता. १७७३ मध्ये विल्लीफ्रांकी नावाच्या लेखकानं टस्कनीच्या वाइनवर पुस्तक लिहिलं. त्यात किआंतीच्या वाइनमध्ये कनायोलो मुख्य आणि सांजोवेझे थोडं, असं आहे. म्हणजे आज जी जाऊबाई पाहुणी म्हणून उभी आहे, ती एकेकाळी घरची कारभारीण होती.

कनायोलोचं आणखी एक काम होतं, आणि मला ते सगळ्यात आवडतं. त्याला तिथे गोवेर्नो म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी झाली की काही निवडक घड बाजूला ठेवत. बोरूच्या चटयांवर पसरून किंवा आकड्यांना टांगून ते वाळवत. आपल्या तासगावच्या शेडमध्ये बेदाणा होतो तसं, पण इथे घड अर्धवटच वाळवायचे. इकडे पिंपात रस आंबत असतो. थंडी पडली की आंबवणारे सूक्ष्मजीव सुस्तावतात आणि काम अर्ध्यावर अडतं. थंडीत आपलं इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच. मग महिना-दीड महिन्यानं हे सुकलेले, साखर दाट झालेले घड चुरडून पिंपात घालायचे. नवी साखर मिळाली की आंबवण पुन्हा जागं होतं आणि हळूहळू पूर्ण होतं. त्यात आंबटपणाही मवाळ होतो, आणि वाइन लवकर पिण्याजोगी होते.

यासाठी कनायोलोच का? वाळताना ते सहसा कुजत नाही. ज्यांनी पावसाळी हवेत बेदाणा टाकला आहे, त्यांना या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता हे घड वाळवायचे कुणी? मळे जमीनदाराचे आणि राबणारी कुळं. पद्धत अर्धेलीची. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. घरातल्या कर्त्या पुरुषाला कपोच्च्या म्हणत, मालकाशी करार तो करी. घरातल्या मुख्य बाईला मस्साया म्हणत. कोंबड्या, अंडी, चूल, पोरंबाळं सगळं तिच्याकडे. वेली वेगळ्या बागेत नसत. त्या मेपलच्या झाडांवर चढवलेल्या, खाली गहू, शेजारी ऑलिव्ह. चांगली वाइन शहरात जाई. पिळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून जे पातळ पेय निघे, ते कुळाच्या वाट्याला.

बाटलीही बायांच्याच हातची. किआंतीची जुनी बाटली, तिला फियास्को म्हणतात, तळाला गोल असते. ती आपली आपण उभीच राहत नाही. तिला खाली गवताचं विणलेलं आवरण लागतं. फ्लोरेन्सजवळ एम्पोलीच्या बाजूला काचेच्या भट्ट्या होत्या, आणि त्या भागातल्या बाया पाणथळातलं गवत वळून हे आवरण विणत. दारात बसून, पोर सांभाळत, आणि मजुरी नगावर. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायांना हा हिशोब तोंडपाठ आहे. नंतर प्लॅस्टिकची आवरणं आली, सपाट तळाच्या बाटल्या आल्या आणि ते काम गेलं.

कनायोलो मागे पडलं त्याला पहिलं कारण एक किडा. फिलॉक्सेरा त्याचं नाव, माव्याच्या जातकुळीतला. तो वेलीच्या मुळांतला रस शोषतो. अमेरिकेतून तो युरोपात आला, १८६० नंतर फ्रान्सच्या बागा वाळू लागल्या, आणि १८७९ मध्ये तो इटलीत सापडला. औषधांनी तो हटेना. उपाय निघाला कलमाचा: खाली अमेरिकन जातीचा खुंट आणि वर आपलं वाण, कारण अमेरिकन मुळं त्या किड्याला दाद देत नाहीत. आपल्याकडे डॉगरीज खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकन जातीचाच. आपण तो लावतो मुख्यतः खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. तिकडे मात्र कलमाशिवाय बाग उभीच राहिली नसती. आणि नेमकं कनायोलो या खुंटांवर सांजोवेझेइतकं नीट बसेना. जे कलम धरत नाही ते शेतकरी दुसऱ्यांदा लावत नाही.

दुसरं कारण माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धेलीची कुळं शहरात, कारखान्यांत गेली. १९६४ मध्ये कायद्यानं नवे अर्धेलीचे करार बंद झाले. ओस पडलेल्या जमिनीवर सलग बागा लागल्या, आणि त्यात भरघोस पिकणारं सांजोवेझे जास्त.

तिसरं कारण सरकारी नियम, आणि इथे मला रागच येतो. १९६७ मध्ये किआंतीची सरकारी व्याख्या ठरली. पांढरं द्राक्ष कमीत कमी दहा टक्के घालणं सक्तीचं केलं आणि तीस टक्क्यांपर्यंत चालवून घेतलं. रिकासोलीनं जे फक्त हलक्या वाइनसाठी म्हटलं होतं, ते सगळ्यांच्या गळ्यात बांधलं. वाइन पातळ झाली, नाव खराब झालं. मग काही उत्पादकांनी नियमच झुगारला. अंतिनोरी घराण्यानं १९७१ च्या हंगामाची तिन्यानेल्लो ही वाइन साध्या टेबल वाइनच्या नावानं विकली. पुढे तिला कनायोलोऐवजी काबेर्ने या फ्रेंच द्राक्षाची जोड मिळाली. भाव चांगला आला, आणि अनेकांनी तोच रस्ता धरला. मऊपणासाठी घरचं द्राक्ष होतं, तिथे परदेशी येऊन बसलं.

१९९६ पासून किआंती क्लासिको नुसत्या सांजोवेझेची केली तरी चालू लागली, आणि २००६ च्या हंगामापासून तिच्यात पांढरं द्राक्ष बंद झालं. आज या वाइनमध्ये किमान ऐंशी टक्के सांजोवेझे हवं, उरलेल्या वीसात देशी किंवा परदेशी लाल द्राक्षं चालतात. कनायोलो लावलंच पाहिजे असं कुणावर बंधन नाही.

तरी ते संपलेलं नाही. जुन्या बागांतल्या निरोगी वेली हेरून त्यांच्या काड्यांवर रोपं करण्याचं काम चालू आहे. काहीजण नुसत्या कनायोलोची वाइनही काढतात, फिकट रंगाची. २०२१ मध्ये किआंती क्लासिकोच्या उत्पादकांनी आपल्या सगळ्यात वरच्या प्रतीसाठी ठरवलं, की तिच्यात नव्वद टक्के सांजोवेझे असेल आणि उरलेल्या दहात फक्त तिथलीच जुनी लाल द्राक्षं. त्या दहात कनायोलो आहे, गडद रंग देणारं कोलोरिनो आहे, आणखी काही आहेत.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातही, अकलूजजवळ, इटालियन भागीदारांच्या बागेत सांजोवेझे पिकतं. तिथेही त्याला काही वेळा जोड देतात, पण ती कनायोलोची नाही, काबेर्नेची.